शेपटीचं काळं टोक

९ ऑगस्ट

जेवणाची वेळ टळली तरी माझी पोरगी मृ. झोपलेली. तिचं जनावरही झोपलेलं. खोलीत एसी, दार बंद. बाहेर मी आणि सोमा गिरणीतली कोंड्याची पोती झाकून राहिलोय, ताडपत्री फाटली म्हणून. पुण्याहून आल्यापासून हेच चाललंय. नोकरी सोडून आली की सुटली, ते विचारलं नाही. त्या माणसाला सोडून आली म्हणते. त्यानेच सोडलं, हे मला तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं. आणि एवढ्या वर्षांच्या संसाराचं (संसारच म्हणायचा, लग्नाशिवायचा) सोबत काय आणलं, तर हा मुंगसासारखा लांबोडका प्राणी. फेरेट. त्या माणसाने वाढदिवसाला दिलेला.

नाव नूडल. खायच्या वस्तूचं नाव ठेवलं, निदान खाता तरी यायला हवं होतं.

त्याला गरमी सोसत नाही म्हणे. आमच्या दवनीवाड्यातल्या माणसांना सोसते. बिल मी भरते.

११ ऑगस्ट

सोमा आमच्याकडे हमाल आहे, नवरा होता तेव्हापासूनचा. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. बर्फाळ देशातलं कुरण. तपकिरी पाठीचं, पांढऱ्या पोटाचं, एवढुसं जनावर सशासमोर वेड्यासारखं नाचतं, उलटं-पालटं होतं. ससा बघत बसतो. नाचता नाचता जवळ येतं आणि मानेला धरतं. ससा त्याच्या कितीतरी पट मोठा. सोडत नाही म्हणजे नाहीच.

सोमा म्हणाला, "बाई, हा तं तुमच्या घरचाच होय. याले गोदामात सोडा ना. कायले फुकट पोसून राहिल्या?"

गोदामात घुशी माजल्यात. पोती-कट्टे फोडतात, धान जमिनीवर. म्हटलं, बघू तर. मृ. आंघोळीला गेली तशी ते झोपतं त्या झोळीतून उचललं, गोदामात सोडलं, दार ओढून घेतलं. फटीतून मी आणि सोमा बघतोय.

जनावर जागं झालं, इकडेतिकडे नाक लावलं. कोपऱ्यात घूस. हे आनंदानं तिच्यापुढे जाऊन नाचायला लागलं, कुक-कुक आवाज करत. व्हिडिओतल्यासारखंच. सोमा म्हणाला, आता बघा. घुशीने एकदा बघितलं आणि चावून त्याचा कान फोडला. हे किंचाळून दाराकडे आलं आणि फटीतून माझी साडी धरायला लागलं.

सोमा हसला. मीही हसले, खोटं कशाला लिहू. मृ. ओल्या केसांनी धावत आली. माझ्याकडे बघितलं आणि त्याला उचलून आत गेली. कापूस, हळद, मलम. संध्याकाळपर्यंत त्याला मांडीवर घेऊन बसली होती.

१२ ऑगस्ट

आज बोलली. पुण्याला शिकवत होती, तशी सुरुवात केली. मीही ऐकून घेतलं. घरात कोणी बोललं तर बरंच वाटतं.

तो व्हिडिओतला स्टोट. हा फेरेट. स्टोट रानटी, फेरेट पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेला. स्टोट याच्या निम्मासुद्धा नसतो, पण स्वतःहून मोठं जनावर मारतो, भूक नसली तरी मारतो. फेरेट दिवसाचा बराचसा वेळ झोपतो. स्टोटचे थंड मुलखात हिवाळ्यात केस पांढरे होतात. आणि स्टोटच्या शेपटीचं टोक काळं असतं. सगळा पांढरा झाला तरी टोक काळंच. फेरेटला तसं टोक नसतं, ओळखायची सोपी खूण ही.

मी विचारलं, दोघंही नाचतात ना?

म्हणाली, "स्टोट मारायच्या आधी नाचतो. हा आनंद झाला की नाचतो. घुशीला बघून त्याला आनंद झाला, आई. त्याला वाटलं, कोणीतरी खेळायला आलं."

मी म्हटलं, "तुलेही पुण्यात तसंच वाटलं असंल."

पांढरी पडली. उठून आत गेली. बोलायला नको होतं, पण तोंडाशी आलं ते आलं.

१३ ऑगस्ट

रात्री विचार करत होते. नवरा गेला तेव्हा दोन्ही दीर गिरणीची चावी मागायला तेराव्यालाच आले होते. पदर खोचला आणि त्यांना चहा दिला, गोड बोलले, आणि चार महिन्यांत दोघांनाही गिरणीच्या हिश्शातून बाहेर काढलं. मला स्टोट समजतो. मृ. माझ्या पोटची, पण गेली कोणावर कळत नाही. बापही असा नव्हता.

१६ ऑगस्ट

मृ.ने माझ्या केसांना काळी मेहंदी लावून दिली. आल्यापासून तीच लावते. मागचं मला दिसत नाही, आणि हात वर धरून खांदा भरून येतो. तिचा हात हलका आहे. लावताना गप्प असते, पण तेवढा वेळ तरी माझ्याजवळ असते. बाकी सगळा वेळ त्याच्याशी बोलते. काय बोलते कोण जाणे, दारातून नुसती कुजबुज ऐकू येते. हसतेसुद्धा. माझ्यासमोर हसलेली आठवत नाही.

मला राग येतो. जनावराचा हेवा करते म्हणजे मीही कुठवर आले.

१९ ऑगस्ट

तिरोड्याहून बाई आल्या, मुलासाठी मृ.ला बघायला. त्यांचा धानाचा मोठा व्यापार, मुलगा एकुलता एक, पहिली बायको वर्षात गेली माहेरी निघून. मृ.चं पुण्याचं त्यांना सगळं ठाऊक आहे, तरी आल्या. याच्यापेक्षा चांगलं आता मिळणार नाही, हे मलाही कळतं नि त्यांनाही.

चहा घेता घेता नाकाला पदर लावला. वास येतोय म्हणे. येतोच, लपवणार कसा. मृ.ने दार उघडलं आणि ते जनावर सरळ बाईंच्या पायाशी येऊन नाचायला लागलं. बाई खुर्चीवर पाय घेऊन बसल्या.

"लडकी अच्छी है, ताई. पण हे हमारे यहाँ चलेगा नहीं. घरात देव आहेत."

मी म्हटलं, जाईल ते. मृ. म्हणाली, तो कुठेही जाणार नाही. बाईंच्या देखत म्हणाली. मग शांतपणे उचललं आणि आत गेली.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला. आज सकाळी मारबत, इडापिडा गावाबाहेर काढायची. घर झाडून केर, जुनी केरसुणी, फुटकं मडकं घेऊन वेशीपर्यंत गेले. सगळ्या बायका ओरडत होत्या, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत, ढेकूण-मच्छर घेऊन जा गे मारबत. माझा आवाज अजून खणखणीत आहे. मी ओरडले, नूडल घेऊन जा गे मारबत. बायका हसल्या, त्यांना वाटलं खाण्याचं काहीतरी असेल.

मागे वळले तर मृ. उभी. केराची टोपली तिने धरली होती, माझ्यासोबतच आली होती, आल्यापासून पहिल्यांदा घराबाहेर. टोपली तिथेच ठेवून परत गेली.

२६ ऑगस्ट

तिरोड्याच्या बाईंचा फोन. पितृपक्ष संपला की घटस्थापनेला येऊ, मुलालाही आणू. जनावर नको.

मृ.ला सांगितलं. म्हणाली, मग त्यांनाही सांग, येऊ नका. मी विचारलं, असा किती दिवस जगतो हा? म्हणाली, सात-आठ वर्षं, चांगलं ठेवलं तर. मी विचारलं, मग तोवर तू अशीच झोपून राहणार? म्हणाली, "आई, सकाळी उठायला मला तेवढं एकच कारण आहे."

आईसमोर असं म्हणाली. आई बसलीय समोर, धडधाकट.

सहज विचारल्यासारखं विचारलं, कोणी घरी स्टोट पाळला तर? म्हणाली, रानटी प्राणी आहे तो, गुन्हा होईल, जंगलवाले घेऊन जातील. आणि फेरेट? फेरेटला कोण नेतो, तो कुत्र्या-मांजरासारखा पाळीव. आणि बाहेर सोडला तर? सोडायचा नाही, आई, उपाशी मरेल, शिकार येत नाही त्याला.

सगळं नीट समजावून सांगितलं. मला विषयात रस वाटतोय असं वाटलं तिला. डोळे जरा उजळले होते.

३० ऑगस्ट

झालं.

मृ. सकाळच्या बसने गोंदियाला गेली, कॉलेजात मुलाखत. मीच पाठवली, मागे लागून. संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. ती गेल्यावर काळी मेहंदी भिजवली. नेहमीचंच पाकीट, नेहमीचीच वाटी.

झोळीतून काढलं तर झोपेतच होतं. पाठ तपकिरी, पोट पांढरट, शेपटी तपकिरी. मोबाइलवरच्या स्टोटच्या फोटोशी ताडून बघितलं. टोकाचं तेवढंच राहिलं होतं. मांडीवर घेतलं, पहिल्यांदाच. अंग गरम असतं त्याचं. ब्रशने लावायला घेतलं, पण केस आतून कोरडे राहायला लागले, मग बोटांनी चोळलं. जागं झालं आणि माझं मनगट चाटायला लागलं. वाईट वाटलं. थांबले नाही. वाळेपर्यंत धरून बसले, मग टोक धुतलं. पंख्याखाली पुसून दिल्यावर खाली उतरलं आणि माझ्यापुढे नाचलं.

गार्डला फोन केला. जंगलाचा बीटगार्ड, तरणा पोरगा, आमच्याकडूनच तांदूळ नेतो. त्याला वाटलं मुंगूस. आला, बघितलं, म्हणाला, हा मुंगूस नाही, काकू. मी म्हटलं, फोनवर स्टोट काढून बघ. त्याने काढलं. पाठ बघितली, पोट बघितलं, शेपटी हातात धरली.

"काळं टोक तं आहे. पण हा मोठा दिसून राहिला, काकू."

"घरचं खाऊन वाढला."

"वासही येते काहीतरी."

"जनावराचा येणारच."

फोन मी केला हे कोणाला सांगू नको म्हटलं. पिंजऱ्यात घातलं. पिंजऱ्यातून बाहेर बघत होतं, कुक-कुक करत. गाडी सुरू झाली तेव्हा आवाज बंद झाला. वाटी घासून ठेवली.

संध्याकाळी मृ. आली. सांगितलं, गावातल्या कोणीतरी तक्रार केली, जंगलवाले घेऊन गेले, मी काय करणार. आधी खोली बघितली, मग झोळी बघितली. मग झोळीत हात घालून आतपर्यंत चाचपलं. रडली नाही. रडली असती तर जवळ घेतलं असतं.

२ सप्टेंबर

मृ. गार्डकडे जाऊन आली. जनावर नागपूरला पोचलं. तिथे सापडलेली, जखमी, चोरीची सगळी जनावरं ठेवतात. हिने सांगितलं, तो फेरेट आहे. गार्ड म्हणाला, ताई, ज्याचं जनावर पकडलं जाते तो तसंच म्हणते. आता वरच्यांच्या हातात आहे.

गणपतीचे मोदक केले होते. शिवली नाही.

६ सप्टेंबर

खोलीतला एसी बंद. दार उघडं. लवकर उठते, अंगण झाडते, सोमाला चहा देते. हेच तर मला हवं होतं. सोमा म्हणाला, पोरगी सुधरली, बाई. मी हो म्हटलं.

तिच्या खोलीतून कुजबुज येत नाही. आता घरात कोणीच कोणाशी बोलत नाही.

११ सप्टेंबर

नागपूरहून फोन आला, मृ.ने स्पीकर लावला. खात नाही म्हणतात. कोंबडी दिली, अंडं दिलं, तोंड लावत नाही. हा डोंगराळ भागातला प्राणी, इथे जगणार नाही, तर वरती हिमालयाकडे पाठवायची तयारी आहे. घटस्थापनेच्या सकाळी गाडी निघेल, आणखी दोन जनावरं जायची आहेत. तिथे रानात सोडतील.

मृ. म्हणत होती, तो मरेल, साहेब, त्याला शिकार येत नाही. तो बर्फात मरेल. समोरचा माणूस चांगला होता, शांतपणे ऐकून घेत होता. म्हणाला, शेपटीचं टोक काळं आहे, मॅडम.

मृ. म्हणाली, असूच शकत नाही.

मी स्वयंपाकघरात होते. कढईखालचा गॅस मोठा केला. डाळ लागली.

१४ सप्टेंबर

हिमालयापर्यंत नेतील हे मला माहीत नव्हतं. नागपूरला पिंजऱ्यात राहील, खाईल, पिईल, असंच वाटलं होतं. नाही. हेही खरं नाही. काही वाटलंच नव्हतं. घरातून जावं एवढंच हवं होतं, आणि मेलं असतं तर एखादा दिवस वाईट वाटून संपलं असतं.

आता रोज कानावर येतं, आज खाल्लं नाही, आज पाणी घेतलं.

१७ सप्टेंबर

मृ. नागपूरला गेली. राहीन एक दिवस म्हणाली. डबा करून दिला. घेतला.

१८ सप्टेंबर

आली. जेवली. मी विचारलं, कसा आहे? म्हणाली, हाडं लागतात हाताला. ओळखलं मला. पिंजऱ्यातच नाचायला बघत होता, पाय धरत नाहीत.

मग उठली. भांडी घासून ठेवली. पाणी भरलं. मी बघत राहिले, काही कळलंय का. चेहऱ्यावर काही दिसत नाही. ही असा चेहरा करायला कधी शिकली?

२० सप्टेंबर

दुपारी मृ. आपणहून म्हणाली, "ये, केसांना लावून देते. सोमवारी पाहुणे येणार ना."

पितृपक्षात केसांना काही लावू नये म्हणतात. मी कधी मानलं? पण खरं म्हणजे मला इतकं बरं वाटलं की लगेच जाऊन स्टूल आणला, जुना टॉवेल खांद्यावर घेतला. वाटलं, सुटलं. माझी पोरगी परत आली. तिने पाकीट फोडलं, वाटीत भिजवलं, भांग पाडला, उजव्या बाजूने सुरुवात केली. तोच हलका हात. बटा उचलून मुळापासून लावत होती. मी डोळे मिटले होते. तिला सांगणार होते की तिरोड्याचा मुलगा पसंत नसेल तर नाही म्हणू. खरंच सांगणार होते.

उजवी बाजू पूर्ण झाली. मानेमागचे केस उचलून धरले आणि विचारलं,

"शेपटीला ब्रशने लावलीस की बोटांनी?"

मी डोळे उघडले. तिने केस धरूनच ठेवले होते. ओढले नाहीत.

मग सगळं सांगितलं, आवाज न चढवता. ऋतू बदलला की त्याचे केस झडतात, नवे येतात. काळ्याच्या खाली तपकिरी आलंय. तिने डॉक्टरला दाखवलं, त्याने कापसाने पुसून बघितलं. म्हणाला, रंगवलंय कोणीतरी. पण साहेब म्हणाले, कागदावर रानटी जनावर म्हणून आहे, नुसत्या तुमच्या सांगण्यावर सोडता येणार नाही, तुम्हीही रंगवलं असेल. ज्याने रंग लावला त्याने स्वतः येऊन साहेबांसमोर सांगायचं, म्हणजे तिथेच हातात देतो. सोमवारी गाडी निघायच्या आत.

मी म्हटलं, "लोक काय म्हणतील मले? गार्ड काय म्हणेल? तिरोड्याचे लोक त्याच वेळेले येऊन राहिले."

म्हणाली, "वास मला पिंजऱ्याजवळ गेल्यावरच आला होता, आई. मी दर महिन्याला तुझ्या डोक्याला लावते ती."

केस सोडले. वाटी खाली ठेवली. मोरीत जाऊन हात धुतले, बराच वेळ, साबण लावून. बॅग आधीच भरलेली होती, दाराआड. म्हणाली, मी तिथेच आहे, त्याला माझ्या हातून थोडं पाणी जातंय. चप्पल घातली आणि बस स्टँडकडे गेली. वळून बघितलं नाही.

मी स्टूलवर बसून राहिले. डावीकडचं मला स्वतःला लावता येतं, पण हात उचलला नाही.

२१ सप्टेंबर

सर्वपित्री. नवऱ्याचं पान वाढलं. कावळा आला, खाऊन गेला.

सोमा सकाळी पोती मोजायला आला, माझ्याकडे बघून थांबला. "बाई, अर्धंच काऊन लावलं?" म्हटलं, मेहंदी संपली. तो मान हलवून गेला. आरशात बघितलं. भांगाच्या उजवीकडे सीताफळाच्या बीसारखं काळंभोर, डावीकडे मुळाशी पांढरं, पुढे विटकं. कोणीही हसेल. मी दुसऱ्या कोणाला अशी बघितली असती तर चार दिवस हसले असते.

तिरोड्याच्या बाईंचा फोन, सकाळी अकराला पोचतो, मुलाला पोहे आवडतात. बरं म्हटलं. मृ. घरी नाही हे सांगितलं नाही. मृ.ला फोन लावला, उचलला नाही. दुपारी एक फोटो आला तिच्याकडून, खाली काहीच लिहिलेलं नाही. तिच्या तळहातावर त्याचं डोकं. कानाला घुशीने फोडलेली खाच. डोळे उघडे आहेत.

दिरांसमोर वाकले नाही. बँकेसमोर वाकले नाही. आता एका परक्या साहेबासमोर उभं राहून सांगायचं की मी साठीची बाई, गिरणीची मालकीण, पोरीच्या जनावराची शेपटी रंगवली. का रंगवली विचारलं तर? पोरगी माझ्याशी बोलत नव्हती, म्हणून?

कपाटात मेहंदीचं आणखी एक पाकीट आहे. पोहे भिजवायला काढून ठेवलेत. गोंदियाहून नागपूरची पहिली गाडी पकडायची तर उजाडायच्या आत निघावं लागेल, सोमाच्या मोटरसायकलवर. त्याला सांगून ठेवलंय की सकाळी ये. कशाला ते सांगितलं नाही.

डोक्यावर पदर घेतला तर पाहुण्यांसमोर काय नि साहेबासमोर काय, दोन्हीकडे चालेल.